मुरूम, मशीन आणि पुरावा

मध्यम ते तीव्र मुरुमांनी हैराण झालेला माणूस त्वचेच्या क्लिनिकमध्ये शिरला, की हल्ली त्याच्यापुढे मशीनची लांबलचक यादी येते. निळा प्रकाश, लाल प्रकाश, आयपीएल, कार्बन लेसर, पीडीटी, आरएफ मायक्रोनीडलिंग. प्रत्येकाचे पॅकेज वेगळे, सत्रे वेगळी आणि फीही वेगळी. अशा वेळी ‘यातले सगळ्यांत चांगले कोणते?’ हा प्रश्न साहजिक वाटतो. पण तो आधीच विचारला, तर उत्तर विकणाऱ्याच्या सोयीचे मिळते. त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे मशीन मुरुमाच्या नेमक्या कोणत्या कारणावर काम करते? आणि त्याचा उपयोग होतो हे कशाशी तुलना करून ठरवले गेले? या दोन चाळण्यांतून यादी काढली, तर बहुतेक मशीन दुय्यम जागेवर जातात, दोन उपाय गंभीरपणे विचारात घेण्याजोगे उरतात आणि जाहिरातीत कुठेच न दिसणाऱ्या गोळ्या-मलमांची बाजू बरीच भक्कम ठरते.

मुरूम चार गोष्टींच्या संगनमताने होतो. केसाच्या मुळाशी असलेली तैलग्रंथी गरजेपेक्षा जास्त तेल सोडते. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून ते बुजते. आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू वाढतो. आणि शरीराच्या प्रतिकारातून आजूबाजूला दाह होतो, म्हणजे लाली, सूज, पू आणि दुखणे. या सगळ्याच्या मागे पुरुषी हार्मोनचा हात असतो. म्हणून मुरूम वयात येताना सुरू होतात आणि पीसीओएस हा बीजाशयांचा हार्मोनविकार असलेल्या मुलींमध्ये हटवादी होतात. नुसते ब्लॅकहेड, व्हाइटहेड आणि तुरळक पुळ्या असतील तर तो सौम्य प्रकार. लाल, पू भरलेल्या पुळ्या बऱ्याच असतील तर मध्यम. त्वचेखाली दुखऱ्या गाठी होत असतील आणि त्या बसल्यावर खड्डे राहत असतील तर तीव्र. हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण मशीनची जाहिरात ‘मुरूम’ असा एकच शब्द वापरते आणि तिच्यामागचा अभ्यास मात्र बहुधा सौम्य ते मध्यम मुरुमांवर झालेला असतो. वरच्या पुळीला लागू पडणारा प्रकाश खोल गाठीपर्यंत पोहोचतोच असे नाही.

आता मशीन त्यांच्या लक्ष्यानुसार लावून पाहू. पहिला गट जंतूंवर काम करणाऱ्या प्रकाशाचा. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू पोर्फिरिन नावाची रसायने तयार करतो. ४०५ ते ४२० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ती शोषून घेतात, त्यातून ऑक्सिजनचे तीव्र रूप निर्माण होते आणि जंतू मरतो. यंत्रणा पटण्याजोगी आहे. पण निळा प्रकाश त्वचेत एक मिलिमीटरही नीट उतरत नाही आणि तैलग्रंथीला हात लावत नाही. जंतू काही दिवसांत पुन्हा वाढतात, म्हणून हा उपाय वारंवार करावा लागतो. लाल प्रकाश, म्हणजे साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर, जास्त खोल जातो. पण पोर्फिरिन तो फारच कमी शोषतात. त्याचा भर दाह कमी करण्यावर असतो. दोन्ही एकत्र वापरल्याचा एक चांगला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. १०७ रुग्णांमध्ये निळा व लाल एकत्र, नुसता निळा, पांढरा प्रकाश आणि बेंझॉइल पेरॉक्साइड हे मलम यांची तुलना केली होती. बारा आठवड्यांनंतर एकत्र प्रकाशाच्या गटात लाल पुळ्या सरासरी ७६ टक्क्यांनी सुधारल्या आणि तो गट मलमाच्याही पुढे राहिला. मात्र हे रुग्ण सौम्य ते मध्यम मुरुमांचे होते आणि प्रकाश रोज पंधरा मिनिटे घेत होते. महिन्यातून दोनदा क्लिनिकमध्ये वीस मिनिटे निळ्या दिव्याखाली बसणाऱ्या, गाठी असलेल्या तरुणाला हा आकडा लागू होत नाही.

दुसरा गट तैलग्रंथीवर काम करणारा. मध्यम ते तीव्र मुरुमांसाठी खरी चर्चा याच गटाची व्हायला हवी, कारण रोगाचे मूळ इथे आहे. यातला जुना उपाय म्हणजे पीडीटी, फोटोडायनॅमिक थेरपी. यात अमायनोलेव्ह्युलिनिक ॲसिड किंवा त्याचे मिथाइल रूप त्वचेवर लावून काही वेळ ठेवतात. तैलग्रंथीच्या पेशी ते घेऊन त्याचे पोर्फिरिन बनवतात. मग लाल किंवा निळा प्रकाश टाकला की ग्रंथीतच रासायनिक मारा होतो. अमेरिकेत २००० साली झालेल्या एका अभ्यासाची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. पाठीवर मुरूम असलेल्या २२ जणांच्या पाठीचे चार भाग केले होते: एकावर औषध आणि प्रकाश दोन्ही, दुसऱ्यावर नुसते औषध, तिसऱ्यावर नुसता प्रकाश आणि चौथा तसाच सोडलेला. एकाच माणसाच्या एकाच त्वचेवर चारही गोष्टी, त्यामुळे वय, आहार, ऋतू, हार्मोन यांचा गोंधळ उरला नाही. दोन्हींचा वापर झालेला भाग स्पष्टपणे सुधारला. ही सुधारणा एका सत्रानंतर दहा आठवडे आणि चार सत्रांनंतर वीस आठवडे टिकली. नुसता प्रकाश त्या तोडीचा ठरला नाही. किंमतही त्याच अभ्यासात दिसली: त्वचा काळवंडणे, साल निघणे, खपल्या धरणे आणि सुरुवातीला पुळ्यांचा उद्रेक. शिवाय प्रकाश टाकताना बरीच आग होते आणि नंतर दोन दिवस उन्हापासून व प्रखर दिव्यांपासून चेहरा जपावा लागतो. रोज दुपारी बस पकडणाऱ्या विद्यार्थ्याने ही अट आधीच विचारात घ्यावी.

याच गटातला नवा उपाय म्हणजे १७२६ नॅनोमीटरचा लेसर. लेसरने त्वचेतला एखादाच घटक निवडून तापवता येतो, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. पुढे २००६ मध्ये अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की १७२० नॅनोमीटरच्या आसपास चरबीसारखे पदार्थ पाण्यापेक्षा जास्त ऊर्जा शोषतात. तेलाने भरलेली ग्रंथी तापवायची आणि बाजूची पाणीदार त्वचा वाचवायची, ही वाट तिथून खुली झाली. शोषणातला हा फरक थोडाच असल्यामुळे वरच्या त्वचेला सतत थंडावा द्यावा लागतो आणि मशीनचे बरेचसे कसब त्या थंडाव्यात आहे. अमेरिकेच्या एफडीएने या तरंगलांबीच्या ॲव्हीक्लिअर आणि ॲक्युअर या दोन मशीनना २०२२ मध्ये परवानगी दिली. ॲव्हीक्लिअरच्या मुख्य अभ्यासात १०४ जणांना काही आठवड्यांच्या अंतराने तीन सत्रे दिली. शेवटच्या सत्रानंतर बारा आठवड्यांनी सुमारे ८० टक्के लोकांच्या लाल पुळ्या निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटल्या होत्या आणि सहा महिन्यांनी हे प्रमाण आणखी वाढले. मशीन थांबल्यावरही फायदा वाढत जाणे ही आशादायक गोष्ट आहे. ग्रंथीवरच परिणाम झाला असावा, याच्याशी ती जुळते. पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

तुलनेचा गट नसला म्हणून इतके काय बिघडले? बरेच बिघडते, आणि त्याचा उत्तम दाखला तिसऱ्या गटात सापडतो. पल्स्ड डाय लेसर हा रक्तवाहिन्यांवर काम करणारा पिवळ्या प्रकाशाचा लेसर आहे. २००३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातून ‘लॅन्सेट’मध्ये अभ्यास आला. ४१ रुग्ण, काहींना खरा लेसर, काहींना नुसता देखावा. बारा आठवड्यांनी लाल पुळ्या लेसर गटात ४९ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटात १० टक्क्यांनी कमी झाल्या. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातून ‘जामा’मध्ये दुसरा अभ्यास आला. ४० रुग्ण, चेहऱ्याच्या एका बाजूला लेसर, दुसरी बाजू तशीच. बारा आठवड्यांनी दोन बाजूंत म्हणण्यासारखा फरकच नव्हता. दोन्ही अभ्यास नामांकित नियतकालिकांतले, दोन्ही काळजीपूर्वक केलेले, तरी निष्कर्ष उलटे. मुरूम आपोआप कमी-जास्त होतात. माणूस ते सर्वांत वाईट असतानाच डॉक्टरकडे जातो आणि त्यानंतर काहीही केले तरी थोडा उतार बहुधा पडतोच. त्यात नवीन फेसवॉश, सनस्क्रीन, पुळ्या न फोडण्याची सक्त ताकीद आणि पैसे भरल्यावर आलेला नियमितपणा यांची भर पडते. तुलना नसेल तर या सगळ्याचे श्रेय मशीनला जाते. क्लिनिकच्या भिंतीवरचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो म्हणूनच पुरावा ठरत नाहीत, प्रकाशयोजना आणि मेकअपचा मुद्दा तर वेगळाच.

उरलेल्या यंत्रांचे विवेचन थोडक्यात आटोपता येते. आयपीएल हा लेसर नसून अनेक तरंगलांबींचा झोत असतो. लाली उतरायला तो कधी मदत करतो, पण गडद त्वचेत तो रंगद्रव्यालाही तापवतो आणि भाजण्याचा धोका वाढतो. कार्बन लेसरमध्ये चेहऱ्यावर कार्बनचा लेप देऊन १०६४ नॅनोमीटरचा लेसर मारतात. त्वचा तात्पुरती नितळ व कमी तेलकट वाटते, पण गाठींसाठी त्यावर विसंबण्याइतका पुरावा नाही. छिद्रे ओढून साफ करणारी हायड्राफेशियलसारखी मशीन वरच्या थरातला मळ काढतात. त्यांना तीव्र मुरुमांचा उपचार म्हणणे चूकच. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर आणि सुयांतून रेडिओ-लहरींची उष्णता देणारे आरएफ मायक्रोनीडलिंग यांची खरी जागा मुरूम आटोक्यात आल्यावर उरलेल्या खड्ड्यांसाठी आहे. आरएफने सक्रिय मुरूमही काही प्रमाणात कमी होतात असे छोटे अभ्यास सांगतात. मात्र याच तंत्राबद्दल एफडीएने २०२५ मध्ये भाजणे, व्रण, चेहऱ्याची चरबी झिजणे आणि नसांना इजा अशा तक्रारींवरून इशारा दिला आहे. सुई किती खोल आणि ऊर्जा किती, हे ठरवणारा हात कोणाचा, याला इथे मशीनच्या ब्रँडपेक्षा जास्त किंमत आहे.

आता सगळा पुरावा एकत्र पाहणाऱ्यांनी काय म्हटले ते पाहू. कॉक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये मुरुमांवरील प्रकाश-उपचारांचे ७१ अभ्यास आणि ४,२११ रुग्ण एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की उच्च दर्जाचा पुरावा नाही आणि मध्यम ते तीव्र मुरुमांसाठी पीडीटी हा नेहमीचा उपचार मानण्याबाबतही खात्री कमी आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत पीडीटीला मर्यादित दार उघडले: वय अठरा किंवा जास्त, मुरूम मध्यम ते तीव्र, आणि इतर उपचार लागू पडले नाहीत, सोसले नाहीत किंवा देता येत नाहीत, तरच विचार करावा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने लेसर व प्रकाश-उपचारांविषयी शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे नोंदवले. त्याच मार्गदर्शिकेने बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापलिनसारखी रेटिनॉइड मलमे आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिक गोळीची ठाम शिफारस केली. तीव्र मुरूम, व्रण पडणारे मुरूम किंवा मनावर मोठा ताण आणणारे मुरूम यांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळीची शिफारसही तितकीच ठाम आहे. या तिन्ही संस्थांच्या अभ्यासकांचा कल एकाच बाजूला झुकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आयसोट्रेटिनॉइन भयंकर गोळी आहे, त्यापेक्षा मशीन बरे. भीतीला आधार आहे, पण तो कुठे आहे हे नीट पाहायला हवे. गर्भावर या औषधाचा अत्यंत गंभीर परिणाम होतो. म्हणून मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळलीच पाहिजे. इथे सवलत नाही. ओठ व त्वचा कोरडी पडणे जवळजवळ सर्वांना होते. चरबी आणि यकृताच्या रक्तचाचण्या कराव्या लागतात. नैराश्याबद्दल बोलायचे तर मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात धोका वाढलेला आढळलेला नाही; तरीही मन:स्थिती बदलली तर डॉक्टरांना लगेच सांगावे. हे सगळे खरे असूनही हे एकच औषध मुरुमाच्या चारही कारणांवर काम करते आणि १९८२ पासून वापरात असल्यामुळे त्याचे दुष्परिणाम आपल्याला ठाऊक आहेत. कोणते मशीन दहा वर्षांनी काय करते, याबद्दल इतकी माहिती अजून जमलेली नाही. ज्ञात आणि तपासता येणारा धोका हा अज्ञात धोक्यापेक्षा मोठा दिसतो, एवढेच. साधारण मात्रा वजनाच्या किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम धरली जाते. साठ किलोच्या माणसाने रोज ३० मिलिग्रॅम घेतले तर आठ ते दहा महिन्यांत कोर्स पूर्ण होतो. तेवढ्या धीराची तयारी हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अँटिबायोटिक गोळ्यांच्या वापरामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होत आहेत, मग प्रकाश बरा नाही का? ही काळजी खरी आहे आणि तीवर उपायही आहे. अँटिबायोटिक एकटे कधीही घेऊ नये, त्याच्या जोडीला बेंझॉइल पेरॉक्साइड असावे, आणि तीन-चार महिन्यांत गोळी थांबवून मलमावर यावे. क्लिंडामायसिनचे मलम एकटेच महिनोन्‌महिने लावणेही याच कारणासाठी चूक. ज्या रुग्णाला आयसोट्रेटिनॉइन देता येत नाही आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपूनही गाठी येतच आहेत, त्याच्यासाठी पीडीटी किंवा १७२६ नॅनोमीटरच्या लेसरचा विचार रास्त ठरतो. तिसरा आक्षेप नियमिततेचा. तरुण मुले मलम चार दिवस लावतात आणि सोडतात; तीन सत्रांत काम होत असेल तर मशीनच सोयीचे. नियमिततेचा मुद्दा मान्य, पण मशीनही ती मागतेच: ठरलेल्या अंतराने सत्रे, कडक सनस्क्रीन आणि बहुधा त्या काळातही चालू ठेवलेले मलम. चौथा आक्षेप तार्किक आहे: पुरावा नाही म्हणजे उपयोग नाही, असे होत नाही. बरोबर. पण मग खर्चाचा आणि जोखमीचा भार तुम्ही उचलता आणि प्रयोग तुमच्या चेहऱ्यावर होतो. हे कळून घेतलेला निर्णय निराळा आणि न कळता सही केलेले पॅकेज निराळे.

आपल्याकडे या हिशेबात आणखी एक रकाना भरावा लागतो, तो त्वचेच्या रंगाचा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या बहुतेकांची त्वचा गहूवर्णी ते सावळी आहे. अशा त्वचेला दाह झाला, भाजले किंवा टोचले, की ती काळे डाग मागे ठेवते आणि ते उतरायला महिने लागतात. मुरुमाचे डाग आधीच असताना लेसरचे डाग पडणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. प्रकाश-उपचारांचे बरेच अभ्यास गोऱ्या किंवा पूर्व आशियाई रुग्णांवर झाले आहेत. त्यातले आकडे जसेच्या तसे इथे आणता येत नाहीत. १७२६ नॅनोमीटरचा प्रकाश मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य फारसे शोषत नाही, ही त्या लेसरची खरी जमेची बाजू. उलट आयपीएल आणि पीडीटीमध्ये सावळ्या त्वचेला जास्त सांभाळावे लागते. मुरूम लवकर आटोक्यात आणणे हेही डाग टाळण्याचेच काम आहे; म्हणून गाठी येत असताना महिनोन्‌महिने निळ्या दिव्याखाली बसून खरा उपचार लांबवणे हा सौम्य नव्हे, तर महाग पडणारा पर्याय आहे. गाठीने केलेला खड्डा भरायला पुढे जो खर्च येतो, तो मुरुमाच्या खर्चाहून मोठा असतो.

दुसरी खास आपली अडचण म्हणजे स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची क्रीम. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड मलम लावत होते आणि त्याच्या दुष्परिणामांत मुरुमांचा क्रमांक पहिला होता. अशा चेहऱ्यावर कोणतेही मशीन फिरवले तरी मूळ कारण ट्यूबमध्येच राहते. म्हणून उपचार ठरवण्याआधी घरातली सगळी क्रीम डॉक्टरांसमोर ठेवा. जिमसाठी घेतलेली इंजेक्शने, प्रोटीन पावडरी आणि चालू असलेली इतर औषधेही सांगा. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस वाढत असतील आणि मुरूम जबड्याच्या कडेने येत असतील, तर हार्मोनची तपासणी आधी करा. अशा स्त्रियांना काही गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली जास्त उपयोगी पडू शकते; मशीन त्या कारणापर्यंत पोहोचतच नाही.

एवढे करूनही मशीन घ्यायचे ठरले, तर पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारा. ‘लेसर’ एवढ्या नावावर थांबू नका. तरंगलांबी किती आणि मशीनचे नाव काय, ते लिहून घ्या. माझ्यासारख्या रंगाच्या आणि माझ्याइतक्या तीव्र मुरुमांच्या रुग्णांवर, तुलनेचा गट ठेवून झालेला अभ्यास आहे का, असे विचारा. ‘एफडीएची मान्यता’ हे शब्द ऐकून दिपून जाऊ नका. त्वचेच्या अनेक मशीनना मिळते ती परवानगी आधीच्या मशीनशी साधर्म्य दाखवून मिळते. औषधाला द्याव्या लागणाऱ्या कसोट्या तिथे लागत नाहीत. उपचार प्रत्यक्ष कोण करणार, त्वचारोगतज्ज्ञ की तंत्रज्ञ, हे विचारा. डॉक्टरांची पदवी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. ब्युटी पार्लरमध्ये सुई किंवा लेसर लावून घेऊ नका. पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ देण्याऐवजी एका सत्राचे द्या आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी करून घ्या. फोटो स्वतः काढा: तीच जागा, तोच प्रकाश, दर चार आठवड्यांनी. पुळ्या मोजा. बारा आठवड्यांत मोजण्याजोगा फरक नसेल तर थांबा.

औषधांशी होणारी टक्करही ध्यानात ठेवा. डॉक्सिसायक्लिनमुळे त्वचा प्रकाशाला हळवी होते, तेव्हा ती चालू असताना प्रकाश-उपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आयसोट्रेटिनॉइन घेतल्यानंतर सहा महिने कोणताही लेसर चालत नाही, हा जुना नियम आता सैल झाला आहे. असोसिएशन ऑफ क्युटेनिअस सर्जन्स ऑफ इंडियाच्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही, बऱ्याच प्रक्रियांसाठी इतके थांबण्यास आधार नसल्याचे सांगितले. त्वचा खोलवर घासून किंवा पूर्ण जाळून काढणाऱ्या प्रक्रिया मात्र टाळायच्याच. घरी वापरायचे एलईडी मास्क सौम्य मुरुमांपुरते ठीक. तेही डोळ्यांना संरक्षण असेल तरच. न्यूट्रोजिनाने आपला असा मास्क २०१९ मध्ये डोळ्यांना इजा होण्याच्या शक्यतेवरून बाजारातून परत घेतला होता. आणि लग्नाला महिनाभर उरला असताना नवे मशीन सुरू करू नका. बहुतेक मशीनचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो, उद्रेक मात्र पहिल्या आठवड्यांतच होतो. मोठी गाठ बसवायची असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात स्टेरॉइडचे बारीक इंजेक्शन देऊ शकतात. काही दिवसांत ती ओसरते आणि खर्चही थोडा येतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. मुरूम मध्यम असतील तर रेटिनॉइड मलम व बेंझॉइल पेरॉक्साइड, गरज पडल्यास मर्यादित काळ अँटिबायोटिक. गाठी किंवा खड्डे असतील तर वेळ न दवडता आयसोट्रेटिनॉइनबद्दल त्वचारोगतज्ज्ञांशी बोलणे. ते शक्य नसेल किंवा लागू पडले नाही तर १७२६ नॅनोमीटरचा लेसर किंवा पीडीटी, जोडीला मलम. निळा-लाल प्रकाश सौम्य मुरुमांसाठी पूरक म्हणून. फ्रॅक्शनल लेसर व आरएफ मुरूम थांबल्यावर खड्ड्यांसाठी. खासगी फी परवडत नसेल तर मुंबईच्या केईएम, पुण्याच्या ससून किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसारख्या सरकारी व पालिका रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, आणि या यादीतली पहिली दोन पावले तिथल्या ओपीडीत सहज टाकता येतात. मशीनची निवड त्यानंतर करा.